माझ्या कार्डाचा जामीनदार

आमच्या घरात तेव्हा तीन पुस्तकं होती आणि तिन्ही माझ्या शाळेची. रेशनकार्ड धरलं तर चार. घर म्हणजे पेठेतली भाड्याची दीड खोली. पुढची दहा बाय दहा, मागं मोरी आणि स्टोव्ह ठेवायला एक कट्टा. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत माझी बारा पावलं भरायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली आईच्या डाळी-तांदळाचे डबे. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौंड्रीत मोल्डर होते. दिवसभर काळ्या वाळूत साचे घालून घरी आले की कुणाशी काही बोलायच्या आधी मोरीत जायचे आणि कोपरापर्यंत हात घासायचे. पाणी आधी काळं यायचं, मग राखाडी, मग स्वच्छ. स्वच्छ पाणी आलं की आई पहिली भाकरी तव्यावर टाकायची. भाकरी थापल्याचा आवाज, स्टोव्हची घरघर आणि शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या, हे तिन्ही आवाज एकदम आले की आमच्याकडं संध्याकाळ झाली असं मी समजायची. ताटात भाकरी, मिरचीचा खरडा, पातळ आमटी. दुसऱ्यांदा आमटी मागितली तर आई वाढायची आणि स्वतःची वाटी जरा भांड्याआड सरकवायची. हे मला फार उशिरा कळलं.

शाळेची पुस्तकं जूनमध्ये मिळायची आणि जुलै संपायच्या आत माझी वाचून संपायची. मी सातवीत असताना चौकापलीकडच्या वाचनालयाचा शोध लागला. शोध म्हणजे इमारत रोजच दिसायची, पण आत कुणीही जाऊ शकतं हे ठाऊक नव्हतं. एक दिवस बाहेर चप्पल काढून आत गेले तर भिंतीवर निळ्या पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत चौदा नियम. पाटी उंच टांगलेली. मी टाचा उंच करून सगळे उतरवून घेतले. एका कार्डावर एक पुस्तक. मुदत चौदा दिवस. दुसऱ्याची मागणी नसेल तर आणखी चौदा दिवस, तेही एकदाच. कार्ड दुसऱ्यास वापरू देऊ नये. पण हे सगळं पुढचं. पहिलाच नियम असा होता की सभासद होणाऱ्याला जामीनदार हवा, आणि तो जामीनदार शहराच्या हद्दीत घरफाळा भरणारा हवा.

अनामत आईनं काढून दिली, त्यावर एका शब्दाची चर्चा झाली नाही. अडलं ते सहीवर. घरफाळा भरतो कोण, तर ज्याचं स्वतःचं घर आहे तो. आमच्या ओळखीतले सगळे भाडेकरू. राहता राहिला घरमालक. मी अर्ज घेऊन गेले तर तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यातही तेच, आणि या वेळी त्यानं अर्ज हातातही घेतला नाही. कारण त्याला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. बोललं कुणीच नाही. त्या दिवशी आण्णा जेवताना एवढंच म्हणाले, "चौथ्यांदा जाऊ नगंस."

माझ्या मुलीनं गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या अभ्यासिकेचं कार्ड फोनवर काढलं. फोनवर एक आकडा आला, तो तिनं टाकला, झालं. साडेतीन मिनिटं लागली. मी शेजारी बसून घड्याळ बघत होते. तिला जामीनदार हा शब्द समजावून सांगताना मला जास्त वेळ लागला.

घरी चहापुरतं अर्धा लिटर दूध लागायचं आणि ते आणायचं काम माझं. गल्लीच्या टोकाला दूधकट्टा होता. संध्याकाळी तिथं म्हशी उभ्या राहत, गिऱ्हाईकं पेला घेऊन शेजारी थांबत आणि गवळी समोर धार काढून देत, फेसासकट. आमचा गवळी दौलूमामा. तीन म्हशी, गोठा आणि गोठ्यामागं दोन खोल्या, स्वतःच्या. आवाज असा की तो एका म्हशीशी बोलला तर बाकीच्या दोघी मान वळवत. त्या संध्याकाळी मी दुधाचं भांडं पुढं केलं आणि दुसऱ्या हातात तो अर्ज तसाच होता, घामानं मऊ झालेला.

"त्यो कागूद कसला गं, सुमे?"

मी सांगितलं. तो धार काढता काढता ऐकत होता.

"म्हंजे पुस्तकाला जामीन?"

"पुस्तकाला न्हाय मामा, मला. मी पुस्तक परत केलं न्हाय तर जामीनदारानं द्यायचं."

"आन् तू करणार न्हाईस काय परत?"

"करणार की!"

"मग अडलंय कुटं? म्या म्हशीला जामीन ऱ्हायलोय, ती तर बोलत बी न्हाय. तू तरी तोंडानं सांगतीस." शेजारी पेला घेऊन उभे असलेले दोघं हसले. "हसू नगा, पावणं. ती म्हस अजून हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन धारांच्या मधल्या वेळात, तो माझ्याबरोबर वाचनालयात आला. घरफाळ्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. ग्रंथपालबाई काउंटरमागं बसल्या होत्या. बारीक चणीच्या, उजव्या तर्जनीवर पानं उलटायला रबरी टोपण. आमच्याकडं बघून त्या हसल्या नाहीत आणि कपाळाला आठीही घातली नाही. पावती बघितली, नंबर उतरवून घेतला.

"सही?"

"अंगठा."

"चालेल."

अंगठा उठवायच्या आधी मामानं हात मागं घेतला. "बाई, जामीन म्हंजे नेमकं काय काय, ते एकदा वाचून दावा." बाईंनी उठून पाटीखाली उभं राहून चौदाच्या चौदा नियम मोठ्यानं वाचले. मामा जनावरांच्या बाजारात व्यवहार ऐकावा तसा मान खाली घालून ऐकत होता. बाराव्या नियमाला त्यानं थांबवलं. तो नियम असा: पुस्तक घेतानाच पानं तपासावीत, नंतर पानं कमी आढळल्यास ती शेवटच्या वाचकाकडून गहाळ झाली असं धरण्यात येईल, तशी नोंद होईल आणि पुस्तक भरून देईपर्यंत कार्ड बंद राहील.

"ह्यो वाईच परत वाचा." बाईंनी परत वाचला. "मग सुमे, परत्येक पुस्तक माझ्या नजरंखालनं गेलं पायजे. अंगठा माझा हाय." आणि त्यानं अंगठा उठवला.

घरी आण्णांनी हात धुऊन झाल्यावर विचारलं, "सही कुणी केली?" मी सांगितलं. आण्णांना दूध आवडत नसे, चहातसुद्धा ते थेंबभरच घालून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते कट्ट्यावर थांबले, पेला मागितला आणि उभ्यानं अख्खा पेला प्यायले. मी बघत होते. मिशीला फेस लागला होता आणि चेहरा औषध घेतल्यासारखा. "आनी देऊ?" मामानं विचारलं. "नगं," आण्णा म्हणाले, "बास झालं. लई झालं." ते दोघं यापेक्षा जास्त कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

नजरेखालून जाणं म्हणजे काय, ते मला आठ दिवसांत कळलं. मामाला वाचता येत नव्हतं. मग तो म्हणाला, "वाच. आत काय हाय ते कळाय नगं? उद्या कुणी इचारलं तर म्या काय सांगू?" त्यामुळं रोज संध्याकाळी गिऱ्हाईकं पांगली की मी उलट्या घमेल्यावर बसायचे आणि तो म्हशींना वैरण टाकत ऐकायचा. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी पुस्तक दोन दिवसांत संपवायची आणि तेच पुन्हा चौदा दिवस मोठ्यानं वाचायचं. पण नियम म्हणजे नियम. मी हिशेब बसवला. अर्ध्या तासात सात पानं होतात. चौदा दिवसांत अठ्ठ्याण्णव, मुदतवाढ धरून एकशे शहाण्णव. म्हणून मी पुस्तक निवडताना आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघायची. दोनशेच्या आत असेल तरच नाव वाचायचं.

एकदाच नियम मोडला, दोनशे आठ पानांच्या कादंबरीसाठी. रोज अर्धं पान जास्त वाचायचं, असं ठरवून घेतली. कोकणातल्या एका शिक्षकाची गोष्ट होती. बायको माहेरी आजारी, निरोप आलेला, आणि हा भर पुरात खाडीच्या अलीकडं अडकलेला. मी घरी वाचून संपवली, रडलेसुद्धा. मग कट्ट्यावर वाचन सुरू झालं. अकराव्या संध्याकाळी मी वाचत होते, पूर चढतो आहे, शिक्षक काठावर उभा आहे. पान संपलं. शिक्षक सासऱ्याच्या ओसरीवर बसून पाय पुसतो आहे.

"थांब," मामा म्हणाला. हातातली वैरण हातातच. "त्यो अल्याड हुता की."

"व्हय."

"मग पल्याड कसा आला?"

"आला असंल नावेतनं."

"असंल म्हंजे? म्या गगनबावड्याच्या वाटंवर दोन दिस पुरात अडाकलोय. पूर आल्यावर माणूस असा टुणकन पल्याड जात न्हाय. तू मधलं गाळलंस."

"न्हाय गाळलं!" मी पान दाखवायला पुस्तक पुढं केलं आणि तेव्हा माझी नजर आकड्यावर गेली. ऐंशी. समोर सत्त्याण्णव. ऐंशीवं पान पूर्णविरामावर संपत होतं आणि सत्त्याण्णवावं नव्या परिच्छेदानं सुरू होत होतं, म्हणून मी पहिल्यांदा सरळ पुढं गेले होते. आकड्यांची एवढी हौस असणारी मी! सोळा पानं नव्हती, आणि मला पत्ता नव्हता.

मामाला सांगितलं तेव्हा त्यानं हातातली वैरण खाली ठेवली. मला बारावा नियम पाठ होता, त्यालाही. मी पुस्तकाच्या पाठीमागची तारखांची चिठ्ठी मोजली. माझ्या आधी अकरा शिक्के. म्हणजे अकरा वाचकांनी हे पुस्तक नेलं होतं आणि परत केलं होतं, आणि कुणी ब्र काढला नव्हता. मी म्हणाले, "मामा, आपणबी तसंच परत देऊ. कुणाला कळणार न्हाय. बोललो तर कार्ड जाईल."

"जाऊ दे की मग."

"मामा!"

"सुमे, अंगठा तुजा न्हाय, माझा हाय. कळलेलं झाकून ठिवायला म्या जामीन ऱ्हायलो न्हाय. उद्या दुपारी जाऊ."

त्या रात्री मी जेवले नाही. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यो म्हंतोय त्ये बरोबर हाय," आणि माझी भाकरी झाकून ठेवली. मला तेव्हा दोघांचाही राग आला. आज मी गणिताची शिक्षिका आहे. उत्तरपत्रिकेच्या बेरजेत एक मार्क चुकून जास्त मिळाला तर परत आणून देणारी मुलं अजून अधूनमधून भेटतात. वर्गातली बाकीची मुलं त्यांना वेडं समजतात. त्या एका दुपारपर्यंत मीही समजले असते.

मामा पटका बांधून आला. कोर्टात जावं तसा, धुतलेलं धोतर, पायांत कोरी पायताणं. काउंटरपाशी उभा राहून त्यानं सांगितलं, "मी हिचा जामीनदार."

बाईंनी वर पाहिलं. "पुस्तक हरवलं का?"

"पुस्तक हाय. आतलं हरीवलंय."

बाईंनी पानं उलटली. ऐंशी, सत्त्याण्णव. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग त्यांनी कपाटातून एक लांबट रजिस्टर काढलं. "नियम तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः वाचून दाखवला होता. हे पुस्तक आता छापत नाहीत, त्यामुळं भरून देणं अवघड आहे. तोपर्यंत कार्ड बंद ठेवावं लागेल."

"ठिवा. नियम हाय त्यो हाय. पर त्या वहीत काय लिवणार?"

"'वाचकाकडून पाने गहाळ.'"

"त्ये लिवायचं न्हाय." आवाज एवढा चढला की वर्तमानपत्रं वाचणारे सगळे वळून बघायला लागले. "कार्ड काढून घ्या. पर पोरीनं केलं न्हाय त्ये तिच्या नावावर लिवायचं न्हाय. म्या ऱ्हातो हिथं उभा, धारंचा टाइम झाला तरी."

"अहो, पण मग गेली कुठं पानं? कुणीतरी फाडलीच असणार ना?"

माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता. "बाई," मी म्हणाले, "फाडणारा बरोबर सोळा पानं मोजून कशी फाडेल?"

मी पुस्तक माझ्याकडं वळवून घेतलं. आमच्या वहीतलं पान फाडलं की मुळाशी दोऱ्याजवळ कागदाची पट्टी उरते आणि जोडीचं पान सुटं होतं, हे कुठल्याही शाळेतल्या मुलीला ठाऊक असतं. इथं पट्टी नव्हती, कुठलंही पान सुटं नव्हतं, दोरा सलग होता. मग मी पहिल्या पानापासून बघत गेले. सतराव्या पानाच्या पायथ्याशी डावीकडं अगदी बारीक दोनचा आकडा छापलेला. तेहेतिसाव्यावर तीन. एकोणपन्नासाव्यावर चार. पासष्टाव्यावर पाच. आणि सत्त्याण्णवाव्या पानावर सात.

"सहा न्हाय," मी म्हणाले.

बाईंनी रबरी टोपण घातलेलं बोट त्या सातवर ठेवलं. "फर्मा," त्या हळूच म्हणाल्या. मग मला समजावून सांगितलं की पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांत छापतात, त्या घडीला फर्मा म्हणतात आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून खाली आकडा घालतात. सहावा फर्मा या प्रतीत बांधलाच गेला नव्हता. पुस्तक दुकानातून आलं तेव्हापासूनच तो नव्हता. "आणि नवीन पुस्तक आल्यावर पानं मोजून घ्यायची असतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पहिलं पान उघडलं. तिथं 'तपासले' असा शिक्का होता आणि खाली बारीक सही. "ही सही माझी आहे."

त्यांना तो शिक्का आम्हाला दाखवायची काही गरज नव्हती. आम्हाला तो दिसलाही नसता. त्यांनी रजिस्टर ओढलं, टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "फर्मा सहा मुळातच नाही. आवक तपासणीत माझ्याकडून राहिले. वाचकाने निदर्शनास आणले." आणि सही केली. मग माझं कार्ड माझ्याकडं सरकवलं. आज मी शिक्षकांच्या खोलीत बसते, तेव्हा स्वतःची चूक अशी तीन वाक्यांत, पूर्ण आवाजात मान्य करणारी माणसं मोजते. अजून दोन हातांची बोटं पुरतात. पहिलं बोट त्या बाईंचं.

मामाचं मात्र अजून संपलं नव्हतं. तो पटका सारखा करत म्हणाला, "त्ये सगळं झालं. आता त्यो पल्याड कसा गेला, त्ये कोण सांगणार?"

बाई पहिल्यांदाच हसल्या.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्या कादंबरीची दुसरी प्रत निघाली. बाईंनी पत्र लिहून ती सात दिवसांसाठी मागवली. पुस्तकाच्या मापाचे कोरे कागद कापून दिले आणि शाळा सुटल्यावर मला वाचनकक्षातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. छापील सोळा पानांची माझ्या अक्षरांत बावीस झाली. सहा दुपारी लागल्या. एका पानावर 'होडी' दोनदा लिहिलं गेलं तर बाईंनी ते पान मला पुन्हा लिहायला लावलं. सातव्या दिवशी ती पानं दोऱ्यानं ऐंशी आणि सत्त्याण्णवच्या मध्ये शिवली गेली, आणि पुस्तक पुन्हा माझ्या कार्डावर नोंदवून मिळालं.

कट्ट्यावर त्या संध्याकाळी मामानं वैरण आधीच टाकून ठेवली होती. तो पायरीवर बसला. मी माझंच अक्षर मोठ्यानं वाचायला लागले.

शिक्षक खाडी ओलांडत नाही. तीन दिवस ओलांडत नाही. पाणी उतरत नाही, होडी निघत नाही, काहीही घडत नाही. तो काठावरच्या नावाड्याच्या झोपडीत बसून राहतो. नावाडी त्याला भात आणि सुक्या मासळीचं कालवण वाढतो, त्याचे कपडे चुलीवर वाळवतो आणि बायकोविषयी एक शब्द विचारत नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो त्याला पल्याड सोडतो. नावाड्याचं नाव धाकू. ते पुढच्या सगळ्या पुस्तकात पुन्हा कुठंही येत नाही.

मी थांबले. मला वाटलं, मामा म्हणेल, एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप? तो उठून म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

"बघ की," तो म्हणाला. "अकरा जणांनी पुस्तक वाचलं. आन् ज्यानं तीन दिस जेवाय घातलं, त्येचं नाव एकालाबी ठावं न्हाय."

मग मला म्हणाला, "परत वाच."

मी एक्क्याऐंशीपासून परत सुरुवात केली.